उजवा शेंडा पोकळ आहे

चूक नंदकिशोर काकांची. हे आधी सांगून टाकतो, माझी ओळख नंतर. चौतीस वर्षं विमानांच्या दुरुस्तीत घालवलेल्या माणसाने केलेली चूक. ती होऊ नये म्हणून तोंडावर सांगणारा माणूस समोर उभा होता. काकांनी ऐकलं नाही, कारण सांगणारा बावीस वर्षांचा होता.

मी विमानाच्या शेपटीचा उजवा शेंडा. हसायचं असेल तर हसून घ्या. विमान म्हटलं की तुम्हाला मोठे पंख दिसतात, खिडकीची सीट दिसते. शेपटीकडे कोणी बघत नाही. शेपटीला दोन्ही बाजूंनी दोन लहान आडवे पंख असतात. त्यांची टोकं उघडी सोडली तर वारा तिथे गोंधळ घालतो, म्हणून टोकाला गोलसर शेंडा बसवतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. वीतभर लांबी, आत फोम, बाहेरून फायबरची साल. एवढाच मी.

माझं विमान कुठल्या कारखान्यातलं नाही. काकांनी ते नकाशे बघून स्वतः बांधलंय, मुलुंडच्या एका गाळ्यात, अकरा वर्षं. दोन माणसं बसतात. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात, पलीकडे लेथ चालतो, मध्ये आम्ही. मोठे पंख काढून भिंतीला उभे केलेत, कारण लावले तर शटर बंद होत नाही.

काका एकोणसत्तर वर्षांचे. त्यांच्याकडे विमान चालवायचा परवाना आहे. नोकरीत असताना सुट्ट्या वाचवून शिकले. त्यासाठी मी त्यांना मानतो, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता शिव्या देतोय. पण परवान्याबरोबर डॉक्टरांचा कागद लागतो, आणि काकांचा कागद मे अखेरपर्यंतचाच होता. मागच्या खेपेला डॉक्टरांनी रक्तदाब बघून खूप वेळ काही लिहिलंच नव्हतं. पुढच्या खेपेला कागद मिळेल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणून सगळी घाई. मार्चमध्ये सरकारी तपासणी, एप्रिलमध्ये विमान सुटं करून ट्रकने घाटावरच्या एका धावपट्टीवर, आणि मे संपायच्या आत पहिलं उड्डाण. ते काका स्वतः करणार. त्यासाठीच अकरा वर्षं.

मला कोरलं मिथुनने. मिथुन घाटकोपरचा. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून आलेला. फळ्यावरचं गणित चुकलंय असं त्याने सरांना सांगितलं, सर म्हणाले, "खाली बस." तो खाली बसला नाही, दारातून बाहेर गेला आणि परत फिरकलाच नाही. थोडा मूर्खपणा होता. पण गणित चुकलेलंच होतं.

त्याच्या हातात कोरणं आलं ते बापाकडून. अंबादास, त्याचे वडील, थर्माकोलची मखरं करायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात गणपती बसत नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. पण पंतनगरपासून भटवाडीपर्यंत कितीतरी घरचे गणपती त्यांच्या कमानीखाली बसायचे. मग थर्माकोलवर बंदी आली. आता ते एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावतात. थर्माकोल कापायचं तापत्या तारेचं धनुष्य घरी माळ्यावर पडलेलं.

निळ्या फोमच्या ठोकळ्यातून मिथुनने आधी डावा शेंडा कोरला, त्याला दोन दिवस लागले. मला एकाच दिवसात. हात बसला होता. पॉलिश पेपर फिरवताना तो डोळे मिटायचा. म्हणायचा, डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही.

डाव्यावर फायबरचं कापड इपॉक्सीने चिकटवलं. झकास बसलं. माझी पाळी आली आणि इपॉक्सी घट्ट करणारा हार्डनर संपला. नवीन यायला तीन आठवडे. काका तीन आठवडे थांबणारे नव्हते. रविवारी वर्सोव्याहून तरीने मढला गेले, तिथे फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एकाकडून इपॉक्सीऐवजी डबाभर रेझिन घेऊन आले. आल्या आल्या सांगितलं, "विचारलं मी त्याला, फोमवर चालतं का. म्हणाला, आम्ही रोज लावतो."

तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्यांचा फोम पिवळा, त्याला ते रेझिन काही करत नाही. माझा फोम निळा. काकांनी रंग विचारला नाही, त्याने सांगितला नाही.

काकांनी झाकण उघडलं. मिथुनने नाक पुढे केलं आणि मागे घेतलं.

"काका, याला थिनरसारखा वास मारतोय."

"रेझिन आहे. वास येणारच."

"इपॉक्सीला असा नव्हता. बाबांनी एकदा मखराला ऑइलपेंट मारलेला काका, थेट. तासाभरात कमान बसली खाली. थर्माकोल खातो हा वास."

"हा थर्माकोल नाही, मिथुन. विमानाचा फोम आहे."

"मसाला तोच ना पण. दाणे दिसत नाहीत एवढंच."

"आपण इथे मखर बांधतोय का?"

मिथुन गप्प बसला नाही. "एक तुकडा टाकून बघू ना त्यात. पाच मिनिटं लागतील."

"चौतीस वर्षं झाली मला या कामात. आता तुकडे टाकून बघू?"

पाच मिनिटं. मे महिना गाठायला निघालेल्या माणसाकडे पाच मिनिटं नव्हती.

काका चहाला गेले तेवढ्यात मिथुनने मला पांढरा गोंद फासला, पंखा लावून वाळवला, वर दुसरा हात दिला. बापाची रीत. थर्माकोलवर रंग मारायचा तर आधी गोंदाची साय धरायची, म्हणजे रंग आत शिरत नाही. काका परत आले, बोट फिरवलं. "हे काय फासलंस?"

"बेस मारलाय."

काका पुटपुटले, पण चालवून घेतलं. फक्त माझ्या नाकावर गोंदाची एक गुठळी राहिली होती, ती त्यांच्या डोळ्यात आली. वाऱ्याच्या तोंडाशी गुठळी नको म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि गुठळीबरोबर गोंदही घासून काढला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली. मिथुन तेव्हा पलीकडे कापड कापत होता. मग काकांनी कापड लावलं आणि वरून ब्रशने मढचं रेझिन.

दुखलं का, असं विचाराल. नाही दुखलं. आधी गरम झालं, मग हलकं वाटायला लागलं. नाकातून आत उतरलेलं रेझिन मला गिळत गेलं. बाकी अंगाला गोंदाने वाचवलं, पण आत पोकळी वाढत गेली. तेवढ्यात बाहेरची साल कडक झाली, त्यामुळे आकार जसाच्या तसा राहिला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं.

त्यानंतर माझे लाड झाले. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. राखाडी प्रायमर. वर पांढरा रंग, तोही दोन हात, कारण ऊन फायबरला सोडत नाही. उघडी साल उन्हात पिवळी पडते, मग भुरभुरायला लागते. मी आरशासारखा झालो. बोरिवलीहून काकांचा पुतण्या निहार बघायला आला, माझ्याबरोबर फोटो काढला. काका म्हणाले, "हा मी केला. घाईत केला, पण फिनिश बघ." मिथुन मागे झाडू मारत होता. मी आतून रिकामा, बाहेर माझं कौतुक चाललेलं. ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. शेंड्याला तोंड नसतं.

तपासणी सोमवारी ठरली. आदल्या आठवड्याच्या शुक्रवारी अंबादासांना सुट्टी होती, ते पोराचं काम बघायला पहिल्यांदा गाळ्यात आले. चपला बाहेर काढल्या. काका म्हणाले, "अहो, राहू द्या." तरी काढल्या.

मखर करणाऱ्यांची एक सवय असते. काम गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक भागावर टिचकी मारून बघायची. भरीव भाग एक आवाज देतो, सुटलेला दुसरा. अंबादासांनी कौतुकाने डाव्या शेंड्यावर टिचकी मारली. टक्. चालत माझ्याकडे आले, मारली. ढब्.

त्यांचं बोट हवेतच थांबलं. मग पाठीमागे गेलं.

"कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"छान झालंय साहेब. एक नंबर."

आता यांना काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. आयुष्यभर हात खरे ठेवले आणि तोंड मिटून ठेवलं. घरी पोराला शिकवलं की मोठ्यांना उलट बोलू नये. पोराने ते घेतलं नाही, हे माझं नशीब.

मिथुनने ते थांबलेलं बोट बघितलं होतं. वडील घरी निघाले, काका बँकेत गेले, मिथुन आला आणि त्याने टिचकी मारली. एकदा, दोनदा. डाव्यावर मारून आला, पुन्हा माझ्यावर. मग फोन लावला, स्पीकरवर, कारण दुसरा हात माझ्यावरच होता.

"बाबा, कुठे आहात?"

"स्टेशनात. का रे?"

"उजवा पोकळ आहे ना?"

"मला काय कळतंय त्यातलं. त्यांचं ते शास्त्र वेगळं."

"बाबा. पोकळ आहे की नाही?"

"आहे."

"मग तिथे का नाही बोललात?"

"त्यांच्यासमोर? एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाला मी नाव ठेवू?"

"त्यात बसून काका वर जाणारेत, बाबा."

मिथुनने फोन ठेवला.

शेपटीचा शेंडा पोकळ असला तर काय बिघडतं, असं वाटेल. इंजिन चालू झालं की पुढच्या पंख्याचा सगळा वारा शेपटीवर येतो आणि शेपूट थरथरते. आत फोम नसलेली साल किती दिवस टिकणार? ती फाटली आणि तुकडा मागच्या हलत्या पाटीत अडकला, तर विमान वर-खाली करणारी पाटीच जाम होते. मग खाली उभ्या माणसाने फक्त बघायचं.

शनिवारी सकाळी काका आले तेव्हा मिथुन हॅक्सॉ ब्लेड घेऊन स्टुलावर बसलेला.

"काका, उजवा आतून गेलाय. कापून बघायला लागेल."

"काय बोलतोयस तू? परवा साहेब येतायत."

"म्हणून तर आज."

"कोणी सांगितलं गेलाय म्हणून?"

"टिचकी मारा तुम्ही. दोन्हीवर मारा."

काकांनी मारली नाही. मला वाटतं त्यांना आवाज आधीच माहीत होता. कधीतरी एकटे असताना मारली असेल. "दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला मुलगा मला विमान शिकवतो," ते म्हणाले. "इंजिनीअर झाला असतास तर ऐकलं असतं तुझं."

"भरीव निघाला तर मी आज जातो, परत येणार नाही. नवीन शेंडा पण करून देतो जायच्या आधी."

काका काही म्हणाले नाहीत. मिथुनने त्याला हो समजलं आणि ब्लेड माझ्या पाठीवर ठेवलं.

साल कापली गेली. मग ब्लेड एकदम आत पडलं, खाली काही नव्हतंच. मिथुनने कापलेली पट्टी उचलली. आत गुहा, भिंतींना तपकिरी पाकासारखे ओघळ, आणि तो वास. काका पुढे आले, बोट आत घातलं. बोट तळाला टेकलंच नाही, कडेच्या पाकात बरबटून बाहेर आलं.

त्याच वेळी वसुधाकाकू डबा घेऊन दारात आल्या. "काय झालं हो?"

"काही नाही."

"काही नाही कसं? हाताला काय लागलंय ते?" त्या जवळ आल्या, माझ्यात वाकून बघितलं, वास घेतला. "याने सांगितलं होतं ना तुम्हाला? तुम्हीच घरी येऊन हसत हसत सांगितलंत, मखरवाल्याचा मुलगा मला रेझिन शिकवतो म्हणून."

मिथुनने ब्लेड पुसलं.

मग काकांनी ते वाक्य उच्चारलं, ज्यासाठी मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. "वरून एक पट्टी मारली तर परवापर्यंत होईल. रंग आहे आपल्याकडे. साहेब काही कापून बघत नाहीत."

"मारा तुम्ही," मिथुन म्हणाला. "मी नाही मारणार. आणि त्यांनी विचारलं तर मी सांगणार."

"तारीख गेली तर पुढची कधी मिळेल माहितीये तुला?"

"माहितीये."

"मे जाईल."

"माहितीये काका."

काका स्टुलावर बसले. काकूंनी डबा उघडला नाही. शेजारचा लेथ चालू होता, बंद झाला, पुन्हा चालू झाला. बऱ्याच वेळाने काकांनी खिशातून फोन काढला आणि सोमवारची तपासणी रद्द केली. खरं कारण सांगितलं नाही. म्हणाले, जरा ताप आहे. पुढची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली.

पण रद्द केली. स्वतःच्या बोटाने केली. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

तीन दिवस गाळा बंद. चौथ्या दिवशी शटर वर गेलं तर रिक्षातून काका उतरले, मागून अंबादास, हातात माळ्यावरून काढलेलं तारेचं धनुष्य. काका स्वतः घाटकोपरला त्यांच्या घरी गेले होते. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मिथुनलाही कोणी धड सांगितलं नाही.

अंबादासांनी पुन्हा चपला काढल्या. "साहेब, तुम्ही सांगाल तसं करतो."

"मी सांगितलं तसं केलं म्हणून हे झालं," काका म्हणाले. "तुम्ही सांगा."

अंबादासांपुढे माफीच्या आसपास गेलेलं काकांचं हे एकच वाक्य. पुढे त्यांनी ते कधी उच्चारलं नाही.

अंबादासांनी मला उलटसुलट केलं, आत बघितलं. मिथुनला म्हणाले, "गोंद लावला म्हणून एवढा तरी उरला रे. नाकावर का नाही लावलास?"

"लावला होता. काकांनी घासला."

काका छताकडे बघायला लागले.

मग काम सुरू झालं. पाक खरवडला, सैल झालेला फोम काढून टाकला. मी जेमतेम मुळाशी उरलो. अंबादासांनी पोकळीचं माप पुठ्ठ्यावर घेतलं, तार तापवली, निळ्या ठोकळ्यातून भर कापली. इतकी वर्षं धनुष्याला हात लागला नव्हता, पण पहिल्याच फटक्यात ती पोकळीत बसली. काका उत्साहाने ती दाबायला पुढे झाले.

"साहेब, हात बाजूला घ्या."

मिथुनने मान वर करून बघितलं. अंबादासांचं लक्ष नव्हतं, ते भर फिरवून बसवत होते. काकांनी हात बाजूला घेतला.

हार्डनर तोवर आला होता. तरी या वेळी आधी एक तुकडा टाकून बघितला. पाच मिनिटं नाही, पूर्ण दिवस ठेवला. कापड, इपॉक्सी, लांबी, पॉलिश पेपर. दोघं बापलेक डोळे मिटून घासत होते, मध्येच एकमेकांचा हात ढकलत होते. "उगाच जोर देतोस." "तुम्हीच देताय." काका दोघांसाठी चहा आणायला जायचे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा असावं.

जूनमध्ये तपासणीचे साहेब आले. खिशातून नाणं काढलं आणि विमानभर वाजवत फिरले. त्यांच्या शास्त्रातही टिचकी आहे म्हणायची. डावा, टक्. मी, टक्. मी असा आवाज आयुष्यात पहिल्यांदा दिला.

"हा नंतर केलेला दिसतोय," साहेब म्हणाले. "कोणी केला?"

"पहिला मी बिघडवला," काका म्हणाले. "हा याने आणि याच्या वडिलांनी केला. मिथुन, सांग त्यांना कसा केलास ते."

मिथुनने सांगितलं. सलग वीस मिनिटं. साहेबांनी त्याला मध्ये एकदाही खाली बस म्हटलं नाही.

पावसाळा सरला, आता ऑक्टोबर. मी जुन्या चादरीत गुंडाळून ट्रकमध्ये आहे, उद्या निघायचं. अंधेरीतली ड्रोन बनवणारी काही पोरं आता रविवारी फोमचे पंख कापून घ्यायला अंबादासांकडे येतात. अंबादास त्यांना चुका तोंडावर सांगतात, त्या पोरांना राग येतो, तरी ती पुढच्या रविवारी येतात. मिथुनने पुन्हा अॅडमिशन घेतली का, विचाराल. नाही घेतली. पण काकांच्या ओळखीने त्याला विमानदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालंय. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुकादमाशी भांडला. मुकादम चुकत होता.

माझी तुम्हाला विनंती वगैरे नाही. सांगतो तेवढं करा. तुमच्याकडे एखादा कामाचा पोरगा "पाच मिनिटं थांबा" म्हणाला तर थांबा. आणि ज्याला आवाजावरून कळतं, त्याने चपला बाहेर काढल्या तरी तोंड बाहेर ठेवून आत येऊ नये.

पहिलं उड्डाण किरण करणार आहे, काकांच्या जुन्या हँगरमधली, आता उड्डाण शिकवते. मला वारा लागेल. मी टिकेन, याची मला खात्री आहे.

काकांचा डॉक्टरांचा कागद एकतीस मेला संपला. जुलैत ते पुन्हा गेले, नवीन मिळाला नाही. स्वतः बांधलेलं विमान ते उडवणार नाहीत.